फक्त ब्रेकवाले गेनूभाऊ

गेनूभाऊंनी माझ्या सायकलचा ब्रेक दुरुस्त केला, हात धुतले, उतारावरून पंधरा-वीस पावलं खाली चालत गेले आणि रस्त्याच्या मधोमध हाताची घडी घालून उभे राहिले. मग म्हणाले, "या बाई. घाला माझ्या अंगावर."

मी कार्ल्याच्या शाळेत गणित शिकवते. चोवीस वर्षं झाली. एवढ्या नोकरीत कुणाच्या अंगावर सायकल घालायची वेळ माझ्यावर आली नव्हती, त्यामुळे मी हँडल धरून तशीच उभी राहिले. म्हटलं, भाऊ, तुम्ही बाजूला व्हा, मी आपली रिकाम्या रस्त्यावर दाबून बघते. भाऊंनी मान हलवली. रिकाम्या रस्त्यावर ब्रेक सगळ्यांचेच लागतात, असं त्यांचं म्हणणं. समोर माणूस दिसला की बोटं घाबरतात, आणि घाबरलेल्या बोटांचं जो ऐकतो तो खरा ब्रेक. शेजारच्या गाडीवरची भजीवाली मावशी झारा हातात धरून बघत होती. तिला हे रोजचंच असावं, कारण ती मला म्हणाली की जा बाई, तो काय हलायचा न्हाई.

भाऊंच्या पायांपासून हातभर अंतरावर चुन्याची एक रेघ मारलेली होती. मी जीव मुठीत धरून निघाले आणि दोन्ही ब्रेक दाबले. चाक रेघेच्या अलीकडे थांबलं. भाऊंनी उकिडवं बसून चाक आणि रेघ यांच्यामध्ये बोटं ठेवली. "चार बोटं," ते म्हणाले. "पास." आयुष्यभर मुलांना पास-नापास करणाऱ्या मला त्या दिवशी जो आनंद झाला, तो बी.एड.च्या निकालालाही झाला नव्हता.

ही सायकल खरं तर माझ्या भाच्याची. तो नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि जाताना ती माझ्या मळवलीच्या घरी ठेवून गेला. त्याच सुमारास डॉक्टरांनी माझे गुडघे दाबून बघितले आणि सायकल चालवा म्हणून सांगितलं. मी शाळेत सायकलने जायला लागले. पण ब्रेक दाबला की ती अशी किंचाळायची की कार्ल्याच्या फाट्यावर लोक एसटी आली समजून पिशव्या उचलायचे. एका पालकांनी मला गेनूभाऊंचं नाव सांगितलं. सांगताना ते थोडे हसले होते. का हसले ते मला त्या चुन्याच्या रेघेपाशी कळलं.

भाऊंची पत्र्याची शेड मळवली स्टेशन ओलांडून लोहगडाकडे जाणारा चढ सुरू होतो, तिथे आहे. बाहेर पाटी आहे : 'येथे फक्त ब्रेकचे काम होईल. पंक्चर व हवा स्टेशनापाशी.' सुट्टीच्या दिवशी पुण्या-मुंबईचे सायकलवाले झुंडीने या रस्त्याला येतात. त्यातला कुणीतरी हवा भरायला थांबतो आणि भाऊ शांतपणे पाटीकडे बोट दाखवतात. शेडमध्ये पंप नाही. तो ठेवायचाच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलंय. हे दुकान दिवाळीपर्यंतही टिकणार नाही, असं भजीवाल्या मावशीने पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं. त्यानंतर सहा दिवाळ्या झाल्या.

त्याआधी भाऊ लोणावळ्याला रेल्वेत होते. गाडी घाट उतरायच्या आधी तिचे ब्रेक तपासतात, त्या कामावर. ऊन असो, धुकं असो, मालगाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डबा अन् डबा वाकून बघत चालायचं. इतकी वर्षं हे केल्यामुळे त्यांच्या मनात जगाची सरळ वाटणी झालेली आहे. एक पळवणारे आणि दुसरे थांबवणारे. पळवणाऱ्यांबद्दल त्यांना फारसा आदर नाही. "पळायला काय, धोंडाबी पळतो उतारावर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी नव्या मोटारीचं कौतुक करायला लागलं की ते हे वाक्य म्हणतात. गावातला एक मुलगा धावण्याच्या शर्यतीत पहिला आला तेव्हाही त्यांनी हेच म्हटलं, आणि मग त्याच्या आईचा चेहरा बघून, पोरगं गुणी आहे, असं घाईघाईने जोडलं.

भाऊ भेटल्यावर नमस्कार करत नाहीत. "दाबा," म्हणतात. आपण मुकाट्याने ब्रेकची दांडी दाबायची. दांडी आणि हँडल यांच्यामध्ये त्यांचं बोट मावलं तर आपली तब्येत बरी आहे असं समजून ते पुढचं बोलतात. नाही मावलं तर घरचं कुणी आजारी असावं तसा त्यांचा आवाज खाली येतो. एकदा मी सायकल न घेता एसटीने आले होते. फाट्यावर भाऊ भेटले आणि सवयीने "दाबा" म्हणाले. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, मग ते वळून निघून गेले.

माझ्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत. म्हणजे चाकाच्या मधोमध एक पोलादी चकती असते आणि ब्रेक दाबला की दोन छोटे पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. पॅडना भाऊ रेल्वेच्या सवयीने 'ब्लॉक' म्हणतात आणि चकतीला 'थाळी'. या थाळीचं सोवळं फार कडक. तिला तेलकट बोट लागलं की पॅड तेल पितात, मग ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. म्हणून शेडच्या दारात बादली, तांब्या आणि साबणाची वडी. आत येणाऱ्याने हात धुऊन भाऊंना पालथे-उताणे दाखवायचे. लोणावळ्यात येणाऱ्या माणसाच्या हाताला काय काय लागलेलं असतं ते सांगायला नको. चिक्कीचं तूप, भज्यांचं तेल, मक्याच्या कणसाचं लोणी. एका पाहुण्याला भाऊंनी तीनदा परत पाठवलं होतं. तो चिडून म्हणाला की इतके हात तर मी जेवताना धूत नाही. भाऊ म्हणाले, "जेवणाची थाळी तुमाला वाचवायला येत न्हाई. ही येती."

भजीवाल्या मावशीशी त्यांचं भांडण याच पायी. वारं पश्चिमेकडून आलं की तिच्या कढईची वाफ थाळ्यांवर बसते, अशी त्यांची तक्रार. मावशीचं उत्तर असं की वारं काही तिच्या सांगण्यावरून येत नाही. शेवटी मध्ये एक जुनं लुगडं ओलं करून टांगायचं ठरलं. ते ओलं कुणी ठेवायचं यावरून नवीन भांडण सुरू झालं, ते अजून चालू आहे. दुपारी चारला मात्र त्या लुगड्याखालून एक बशी भजी शेडमध्ये सरकते. भाऊ ती चमच्याने खातात.

या माणसाचा हट्ट किती टोकाचा आहे ते मी एका रविवारी पाहिलं. पुण्याच्या एका सायकल गटाचा पुढारी, ज्याला सगळे कॅप्टन म्हणायचे, तो आपल्या दहा-बारा मंडळींना घेऊन लोहगडाचा घाट चढून जाणार होता आणि तिथून खाली येणार होता. मंडळी मावशीकडे चहाला थांबली. मीही तिथेच होते. कॅप्टन मोठ्या अभिमानाने सांगत होता की गेला आठवडाभर ब्रेक आवाज करत होता, तर त्याने काल त्यावर साखळीचं तेल मारलं आणि आवाज एकदम बंद.

लुगड्यापलीकडे भाऊंच्या हातातला पाना खाली पडला. ते बाहेर आले, कॅप्टनच्या सायकलपाशी गेले, पुढचं चाक काढलं, शेडमध्ये नेलं, स्टुलावर ठेवलं आणि त्यावर एक फडकं टाकून स्वतः शेजारी बसले. हे सगळं इतक्या शांतपणे झालं की कॅप्टनला आधी वाटलं, हा काही इथला मोफत पाहुणचार असावा. मग त्याचा आवाज चढला. सायकल कितीही महागाची असली तरी भाऊंना त्याचं काही वाटत नव्हतं. कॅप्टन पोलिसांचं नाव काढू लागला तेव्हा भाऊंनी स्टेशनाकडे हात करून रस्ता दाखवला. गटातली मंडळी घड्याळं बघत होती. अखेर ती त्याला सोडून वर गेली.

त्यानंतरचे तीन तास मी कामं विसरून तिथेच बसले. कॅप्टनने आधी अर्धा तास फोनकडे बघण्यात घालवला. मग त्याने हात धुतले. दोनदा. भाऊंनी पॅड काढून त्याच्या तळहातावर ठेवले. ते तेलाने काळे आणि काचेसारखे गुळगुळीत झाले होते. कॅप्टनने त्यावरून अंगठा फिरवला आणि त्याचा चेहरा उतरला. ते पॅड टाकून द्यावे लागले. भाऊंनी त्याच्याकडूनच थाळी स्पिरिटने पुसून घेतली, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. नवे पॅड बसवताना स्क्रू ढिले करून, ब्रेक दाबून धरून मग आवळायचे, म्हणजे थाळी आपोआप दोन पॅडच्या मधोमध येते, हेही त्याच्या हातून करवून घेतलं. आणि सगळं झाल्यावर सांगितलं की नवे ब्लॉक अजून कोरे आहेत, त्यांची थाळीशी ओळख करून द्यायला पाहिजे. शेडपासून पुलापर्यंत जोरात जायचं आणि हळूहळू दाबत थांबायचं. वीस वेळा.

एरवी पुण्यात मोठा अधिकारी असलेला कॅप्टन सोळाव्या फेरीला घामाघूम होऊन म्हणाला की उरलेल्या चार फेऱ्या भाऊंनीच माराव्यात, त्यांना ब्रेकची जास्त पारख आहे. भाऊ एकाएकी लुगडं ओलं करायला निघाले. त्यांनी आपणहून लुगडं ओलं केल्याचं मावशीने प्रथमच पाहिलं असेल. मला ते जरा विचित्र वाटलं, पण मी मनावर घेतलं नाही. कॅप्टन आता दर महिन्याला येतो, आणि गटातल्या प्रत्येकाला बादलीपाशी रांगेत उभं करतो.

भाऊंच्या घरी त्यांच्या पत्नी, मंदाताई, आणि ते असे दोघंच. एक मुलगी आहे, ती सासरी नाशिकला. मंदाताई आशा कार्यकर्त्या आहेत. डोंगरावरच्या वाडीतल्या बायकांची बाळंतपणं, मुलांचे डोस, म्हाताऱ्यांच्या गोळ्या हे सगळं त्यांच्याकडे. वीस वर्षं त्या सायकलने वाडीवर जातात. सायकल हातात धरून चढ चढायचा आणि येताना बसून उतरायचं. आधी त्यांच्याकडे साधी सायकल होती. एका बंगल्याच्या मालकांनी आपल्या मुलांची डिस्क ब्रेकची सायकल त्यांना दिली आणि भाऊंचा या नव्या ब्रेकशी पहिला संबंध आला तो तिथे. निवृत्त झाल्यावर सगळ्यांनी त्यांना हायवेला दुकान टाकायला सांगितलं होतं. त्यांनी वाडीचा उतार जिथे खाली येतो ती जागा धरली. मंदाताई उतरून आल्या की भाऊ पहिल्यांदा सायकलच्या थाळीजवळ हात नेतात, किती तापली आहे ते बघतात, आणि मग आत जातात.

"माझ्या आधी सायकलीला विचारत्यात," मंदाताई मला एकदा म्हणाल्या. हसतच म्हणाल्या, पण पदराने हँडल पुसत जरा वेळ तिथेच थांबल्या.

मागच्या कार्तिकात एका सकाळी भाऊ माझ्या दारात आले. 'दाबा' म्हणाले नाहीत. चहा घेतला, बशी खाली ठेवली, पुन्हा उचलली. मला वाटलं, मुलीकडची काही बातमी आहे. बराच वेळ माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून झाल्यावर ते म्हणाले, "बाई, मला सायकल चालवायला शिकवा."

मी हसले नाही, कारण मला हसायला सुचलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. लहानपणी घरात सायकल नव्हती. रेल्वेत लागल्यावर रुळांच्या कडेने चालणंच इतकं व्हायचं की गरज पडली नाही. पुढे वय झालं आणि मग लाज वाटायला लागली. शेडमध्ये आलेल्या सायकली ते दुसऱ्याला चालवायला लावायचे आणि स्वतः समोर उभे राहायचे. गड्यांना सांगितलं तर कामशेतपर्यंत हसतील, म्हणून ते माझ्याकडे आले होते.

मी विचारलं, पण आत्ताच का. वाडीवर एका मुलीच्या बाळाचं बारसं होतं. ही मुलगी जन्मली तेव्हा मंदाताई नुकत्या कामाला लागल्या होत्या, आणि तिला पहिला डोस त्यांनीच पाजला होता. आता तिचंच बाळंतपण त्यांनी केलं होतं. बारशाला मंदाताईंचा मान होता, आणि या वेळी भाऊंनाही बोलावणं होतं.

"वर तिचं आख्खं एक गाव हाय," भाऊ म्हणाले. "वीस वर्सं झाली. मी आधी ड्युटीवर, मंग ह्या शेडात. त्यातलं कायबी बघितलं न्हाई. चालत गेलो तर येताना ती म्होरं निघून जाती. कुणाच्या मोटरसायकलीवर गेलो तर ती मागं राहती. संगं जायचं म्हंजे सायकलच पायजे."

आमच्याकडे तीन आठवडे होते. शाळेच्या मैदानावर सकाळी प्रार्थनेच्या तासभर आधी आम्ही माझ्याच सायकलवर सुरुवात केली. माझ्यासारख्या गुडघेदुखीच्या बाईने साठी ओलांडलेल्या गड्याच्या सीटला धरून मैदानभर पळायचं, हे दृश्य शाळेच्या शिपायाने पहिल्याच दिवशी पाहिलं. त्याला मी सांगितलं की भाऊ शाळेच्या सायकलींची तपासणी करत आहेत. शाळेकडे सायकली नाहीत हे त्याला माहीत होतं, पण तो सज्जन माणूस आहे.

भाऊंना शिकवण्यातली अडचण निराळीच होती. नवशिक्या माणूस थांबायला विसरतो आणि भिंतीवर जातो. भाऊ निघायलाच तयार नसत. सायकल जरा डगमगली की त्यांची बोटं ब्रेकवर, आणि ब्रेक त्यांनीच लावलेले, त्यामुळे सायकल जागच्या जागी उभी आणि भाऊ आडवे. पहिल्या आठवड्यात ते अकरा वेळा पडले आणि प्रत्येक वेळी उठून समाधानाने म्हणाले की ब्रेक मात्र चोख आहे. दुसऱ्या आठवड्यात मी वैतागून सांगितलं की आता बोटं ब्रेकवर ठेवायचीच नाहीत, हँडल मुठीत धरायचं आणि लांब त्या शिरीषाच्या झाडाकडे बघायचं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना डोळे बांधून घाट उतरायला सांगत होते. पण ऐकलं. शिरीषापर्यंत गेले. पुढचे दोन दिवस त्यांच्या कोपराला हळद होती आणि चेहऱ्यावर, विचारणाऱ्याने विचारावं म्हणून, एक प्रकारचा उतावीळपणा. मंदाताईंना त्यांनी शेडचा पत्रा लागला म्हणून सांगितलं होतं.

बारशाच्या दिवशी मी सकाळीच शेडपाशी गेले. मंदाताई नवी साडी नेसून निघायच्या तयारीत होत्या. भाऊ शेडमागून माझ्या भाच्याची सायकल घेऊन आले. डोक्याला कॅप्टनने दिलेलं हेल्मेट, त्याखाली पांढरी टोपी. ते सायकलवर बसले आणि पुलापर्यंत जाऊन परत आले. एकदाही पाय टेकवला नाही.  मंदाताईंची नजर एकदा भाऊंच्या कोपराकडे गेली, एकदा माझ्याकडे आली. मग त्यांनी पदर खोचला आणि उशीर होतोय, चला, असं म्हणाल्या. दोघं दोन सायकली हातात धरून शेजारी-शेजारी चढायला लागले.

दुपारभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. चढ चालत जाता येतो, पण तो उतार मलाही जपूनच उतरावा लागतो, आणि भाऊंचा अनुभव शाळेच्या सपाट मैदानाचा. मावशीने माझ्यासमोर भजी ठेवली, ती तशीच गार झाली. तीही सारखी बाहेर येऊन रस्त्याकडे बघत होती.

साडेचारच्या सुमाराला वरच्या वळणावर आधी मंदाताई दिसल्या. त्या नेहमीसारख्या ताठ बसून आल्या आणि पाय टेकवून मागे वळल्या. बऱ्याच वेळाने ते हेल्मेट वळणावर आलं. भाऊ हळू, अगदी हळू येत होते, पण बसून येत होते. त्यांच्या मागे एक मोटार हॉर्न न वाजवता येत होती, ती बहुधा केव्हाची तशीच येत असावी. आमच्यापाशी येऊन ते थांबले आणि सायकलवरून उतरले.

मंदाताईंनी मला वरची हकिगत सांगितली. वाडीवर गेल्या गेल्या बायकांनी भाऊंना नावाने हाक मारली. वांगं त्यांना चालत नाही म्हणून त्यांच्या पानात वेगळी भाजी वाढली. एका म्हातारीने त्यांची पाठ आता दुखते का म्हणून विचारलं. पोरांना त्यांच्या मालगाड्या ठाऊक होत्या, त्यांच्या मुलीचं लग्न कुठे झालं ते ठाऊक होतं. वीस वर्षं घरोघरी बाळांची वजनं करता करता मंदाताईंनी हे सगळं सांगितलेलं होतं. सांगताना त्या जरा लाजल्या आणि पिशवीत काहीतरी शोधू लागल्या.

भाऊ स्टुलावर बसले होते. त्यांनी थाळीजवळ हात नेला नव्हता. मीच मग विचारलं, भाऊ, एवढा उतार उतरलात, ब्रेक कसे लागले?

त्यांनी आधी सायकलकडे पाहिलं आणि थोडा वेळ खरंच आठवून बघितलं.

"ध्यानात न्हाई आलं, बाई," ते म्हणाले. "म्होरं ही व्हती. तिच्याकडंच बघत आलो."